सासूबाईंना न झालेला मधुमेह

आमच्या सोसायटीत कुणाची आमटी करपली तरी संध्याकाळपर्यंत वॉचमनला कळतं. ही एक गोष्ट मात्र आजवर कुणालाही कळलेली नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. मी ती कधी तोंडाबाहेरच काढली नाही. आज तुमच्यापुढे काढते आहे. का? मन हलकं व्हावं म्हणून? छे. मला झोप उत्तम लागते, भूक चांगली लागते, आरशात बघायची भीती वाटत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते — मधेच मान हलवून 'अरेरे' म्हणायचं नाही. ऐकायचं तर नीट ऐका. नाहीतर उठा, दार उघडंच आहे.

सुरुवात माझ्या कौतुकापासून करते. ते सोपं आहे.

मी आदर्श सून आहे. हे मी म्हणत नाही, अख्खी सोसायटी म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने माझा हात हातात घेऊन तेच सांगितलं — 'तुझ्यामुळे इतकी वर्षं जगल्या हो त्या. एवढा मधुमेह, पण एक गोळी नाही!' मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना वाटलं, विनय. विनय कसला? वर बघितलं असतं तर माझ्या तोंडावर काय दिसलं असतं, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

कारण सासूबाईंना मधुमेह नव्हता. कधीच नव्हता. तो त्यांना मी दिला — एका रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

थांबा. निकाल एवढ्यात देऊ नका.

माझ्या सासूबाई म्हणजे ताठ कण्याची बाई. सासरे गेल्यावर एकटीने शिरीषला वाढवलं, इंजिनियर केलं. बोलणं स्वच्छ, ळ आणि ण अगदी ठणठणीत. पण त्या ठणठणीत मराठीत जे बोलायच्या ना — ते पुण्याबाहेरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी लागायचं. मी साताऱ्याकडची, मला लगेच लागायचं. घरात प्रत्येक गोष्टीला 'शास्त्र' होतं. दूध कधी तापवायचं त्याला शास्त्र, चादर कुठल्या वारी बदलायची त्याला शास्त्र, सुनेने कोणानंतर जेवायचं त्यालाही शास्त्र. कुठलं शास्त्र, कुणी लिहिलं, असं विचारायची सोय नव्हती.

आणि माझं जेवण. माझं जेवण हा त्यांचा आवडता विषय होता. मी अंगाने भरलेली, माहेरी शेतावरचं खाऊन वाढलेली. मुलगी झाल्यावर आणखी सुटले. बाळाला अंगावर पाजत होते, भूक लागायची — लागणारच ना? एकदा शिरीषचे ऑफिसमधले मित्र बायकांसकट जेवायला आले होते. मी भात परत घेतला. सासूबाई वाढता वाढता अगदी सहज म्हणाल्या, "आमच्याकडे दोघं जेवतात. एक चरते."

सगळे हसले. शिरीषही हसला. मोठ्याने नाही — पण हसला.

तो भात मी संपवला. पानात टाकायचा नाही, असंही शास्त्र होतं.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. कारण तर कारण, घ्या. पुढे तुम्हाला कळेल की याने काही फिटत नाही.

मुलगी शाळेत जायला लागली तशी मी नोकरी धरली. हिंजवडीत तेव्हा उसाच्या फडांना लागून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका कंपनीत मी एच.आर.ला लागले. कंपनीची बस कोथरूडहून न्यायची, आणायची. आमचे साहेब अमेरिकेत काहीतरी बघून आले आणि त्यांच्या डोक्यात 'वेलनेस' शिरलं. माझ्यावर काम आलं — रोज सकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांना ईमेलने आरोग्याची एक टिप पाठवायची. दर तासाला खुर्चीतून उठा. स्क्रीनवरून नजर काढून लांब बघा. जेवणात मीठ कमी करा. रात्री मोबाइल उशाशी नको. इंटरनेटवर शोधायचं, चार ओळी करायच्या, पाठवायच्या. प्रत्येक टिप एकाच शब्दांनी सुरू व्हायची — 'अलीकडचं संशोधन सांगतं की'.

काय सुंदर शब्द आहेत हो! कोणाचं संशोधन, कुठे झालं — कुणी विचारत नाही. एम.टेक. झालेली मुलं माझं वाचून दुधाचा चहा सोडून हिरवा चहा प्यायला लागली. मी हे शब्द एक दिवस घरी आणले. सासूबाई म्हणाल्या, "पोळीला वरून तूप हवंच, शास्त्र आहे." मी म्हटलं, "अलीकडचं संशोधन सांगतं की तुपाने हृदयाला त्रास होतो, आई." त्यांनी तुपाचा चमचा परत भांड्यात ठेवला. माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं होतं. शास्त्राला संशोधन भारी पडलं होतं.

पुढे तुपाबद्दल संशोधनाने मत बदललं. मी बदललं नाही.

अशातच शिरीष कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा अमेरिकेला जाऊन आला. सगळ्यांना चॉकलेटं, मुलीला बाहुली, मला पर्स — आणि आईसाठी घरच्या घरी साखर तपासायचं यंत्र. तेव्हा ते इथे फारसं कुणाकडे नव्हतं. यंत्र आणण्यामागे कारण होतं. माझे सासरे मधुमेहाने गेले. आधी डोळे, मग किडन्या. सासूबाईंनी त्यांना इंजेक्शनं दिली होती, शेवटचे महिने त्यांचं सगळं काढलं होतं. 'साखर' या शब्दाने घाबरणारी ती एकच बाई मी पाहिली आहे. तपासून घ्यायलाही घाबरायची. डॉक्टरकडे म्हणून जायची नाही.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. आपण काय बोलतो आहोत, ते मला नीट माहीत होतं.

त्या रविवारी शिरीष प्रवासाने दमून झोपला होता. सासूबाई स्वतःहूनच म्हणाल्या, "आण ते. एकदाचं होऊन जाऊ दे." डायनिंग टेबलाशी बसल्या, बोट पुढे केलं, मान दुसरीकडे वळवली. त्यांचा हात माझ्या हातात — गार पडलेला. मी सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि आकडा दाखवला. सरळ, नितळ, निरोगी आकडा. माझा आला असता तर मी पेढे वाटले असते.

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तो बारीक आकडा त्यांना दिसेना. त्यांनी मला विचारलं — मला! — अगदी हळू आवाजात, "काय गं मृदुला? वाढलीय का?"

मी हो म्हणायचं ठरवलं होतं का? नाही. खोटं बोलताना माणूस ठरवतो असं तुम्हाला वाटतं? ठरवत नाही. दार उघडं दिसतं आणि आपण आत असतो.

"हो आई," मी म्हटलं. "थोडी वाढलेली आहे." आणि एक आकडा सांगितला.

त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि मला — सांगते, सांगायलाच बसले आहे — मला बरं वाटलं. आतून, पोटातून. भरपेट जेवल्यासारखं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "घाबरायचं नाही. आत्ताशी सुरुवात आहे. गोळीही लागणार नाही. अलीकडचं संशोधन सांगतं की आहार आणि चालणं सांभाळलं तर साखर ताब्यात राहते. मी आहे ना."

गोळी नाही म्हणजे डॉक्टर नाही. ते मात्र मी त्याच क्षणी ठरवलं. शिरीष उठल्यावर त्याला म्हटलं, काठावर आहे, काळजी नको. तो म्हणाला, "तू बघते आहेस ना? मग झालं." त्याचं सगळं नेहमी असं पटकन होऊन जातं.

त्या दिवसापासून घर माझं झालं. साखर बंद, गूळ बंद, बटाटा, साबुदाणा, आंबा — बंद. दुपारी लोळणं बंद. सकाळी बागेत फेऱ्या सुरू. सासूबाई मला विचारून खाऊ लागल्या. 'अर्धी पोळी अजून घेऊ का गं?' असं ज्यांनी विचारलं, त्या कोण होत्या ते आठवून बघा. मी कधी हो म्हणायचे, कधी नाही. दोन्ही म्हणायला मजा यायची. दर वैशाखात त्या घरभर वास सुटेल असा साखरआंबा करायच्या, बरण्या भरून लोकांना द्यायच्या, आणि डाव न चाटता तसाच विसळायला टाकायच्या. हे मी उभी राहून बघितलं आहे. एकदा नाही, दर वर्षी.

यंत्रावरचा आकडा मी महिन्या-महिन्याने हळूहळू उतरवत आणला. शेवटी खरा होता तिथे आणून ठेवला. मग खोटं बोलायचीही गरज उरली नाही. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर बाहेर आले ते हसतच. "शुगर अगदी नॉर्मल. नुसत्या आहारावर? कमाल आहे. सूनबाई, तुमच्यासारखी माणसं घरोघरी हवीत." सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवला. तोवर त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं तोंड बांधलंस, भीती घातलीस. घातली. पण बघा ना — त्यांचं वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, बागेत चार बायका भेटल्या. ज्या बाईला बोलायला सुनेशिवाय कुणी नव्हतं, ती ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं द्यायला लागली — 'मी मधुमेहाला कसं जिंकलं'. लोक टाळ्या वाजवायचे. नव्वदीला टेकून गेल्या. शेवटी न्यूमोनिया झाला होता, शिरीषने चमच्यावर इवलासा साखरआंबा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "चालेल का गं?" मी म्हटलं, "चालेल आई, घ्या." त्यांनी तोंड मिटलं. "नको. इतकी वर्षं पाळलं."

तेव्हा सांगायला हवं होतं? की तुम्ही जिंकला नाहीत, कारण लढाईच नव्हती? मरत्या बाईच्या हातातून तिची एकमेव फुशारकी काढून घ्यायला हवी होती? नाही सांगितलं. आणि याबद्दल मला काहीही वाटत नाही. सासूबाईंना मी छळलं, हे खरं. त्यांनी मला छळलं, हेही खरं. आमचं आम्ही बघून घेतलं. या हिशेबात मला तुमचं मत नको आहे.

पण हे सांगायला मी बसले नव्हते.

हे मी आजही कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगेन. ज्यासाठी बसले, ते वेगळं आहे. तिथे येईपर्यंत एवढं बोलत बसले — तुमच्या लक्षात आलं असेलच.

कुसुमताई.

सासूबाई असतानाची गोष्ट. कुसुमताई आमच्या बी विंगमध्ये राहायला आल्या, अकोल्याकडच्या एका गावाहून. त्यांचा मुलगा प्रशांत हिंजवडीत आमच्याच कंपनीत नोकरीला होता, माझ्याच बसने यायचा. नवरा गेल्यावर त्याने आईला पुण्यात आणलं. सून नोकरी करणारी, दिवसभर फ्लॅट रिकामा. कुसुमताई गेटजवळच्या बाकावर येऊन बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायच्या. पुण्यात असं कुणी हाक मारत नाही. लोक आधी दचकायचे, मग थांबायचे. त्या 'गोळी'ला 'गोई' म्हणायच्या, 'मला'ला 'मले', आणि 'सांगते'ला 'सांगतो'. सासूबाई आधी नाक मुरडायच्या. पण दोघी बागेत एकत्र फेऱ्या मारायला लागल्या आणि सासूबाईंच्या भाषणाला कुसुमताई पहिल्या रांगेत बसू लागल्या.

कुसुमताईंना मधुमेह होता. खराखुरा, जुना, रोज गोळ्या लागणारा.

एका संध्याकाळी मी बसमधून उतरले तर त्या बाकावर होत्या. मला बोलावून शेजारी बसवलं. शपथ घालावी तसा गळ्याशी हात नेऊन म्हणाल्या, "मृदुला, तुले एक सांगतो. माह्या पोराले सांगू नको, तो रागावते."

"सांगा ना."

"म्या गोया सोडून देल्या. दोन महिने झाले. तुह्या सासूबाईचं पाहून. मेथीचं पाणी पेतो, रोज चालतो, गोड तं बंदच केलं. त्याईले जमलं तं मले काऊन नाही जमणार?" आणि हसल्या. शाळेतल्या मुलीने पहिला नंबर आल्याचं सांगावं तशा.

सासूबाई भाषणात म्हणायच्या, 'गोळ्या म्हणजे आळशी माणसांची सोय आहे.' ते मी ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य कुठे जाऊन पडेल, याचा विचार मनात आला नव्हता का? आला होता. मी तो पुढे ढकलला होता.

मला ठाऊक नव्हतं, असंही नाही. त्याच महिन्यात मी कंपनीत टिप पाठवली होती — डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधुमेहाची औषधं परस्पर बंद करू नका, पायांची काळजी घ्या. माझ्या हाताने टाईप केलेली. एकाच वाक्याचं काम होतं. 'ताई, माझ्या सासूबाईंना डायबेटिस नाही, कधीच नव्हता.' संपलं. त्यांनी घरी जाऊन गोळी घेतली असती.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारलंत ना?"

"इचारीन न, गावाकडं गेली का."

"मग ठीक आहे," मी म्हटलं. "चालणं मात्र सोडू नका."

ऐकलंत? मी त्यांना टिप दिली.

बरं, खरं सांगायचं नव्हतं तर निदान प्रशांतला सांगता आलं असतं. 'आईच्या गोळ्यांकडे जरा बघ.' एवढंच. माझं बिंग फुटायचं कारणच नव्हतं. तो रोज सकाळी बसमध्ये माझ्या पुढे दोन बाकं सोडून बसायचा, कानात गाणी घालून. त्याच्या डोक्याची मागची बाजू, नुकतेच कापलेले केस — मला पाठ झाले. वाकड पुलाशी बस अर्धा अर्धा तास अडकायची. रोज. आणि मी? मी मनात जमवायचे — तो विचारेल, 'आई असं का करेल?' मग सासूबाईंचं नाव निघेल, मग तो म्हणेल, त्यांचे रिपोर्ट दाखवा, कुठल्या डॉक्टरांचं चालू आहे, कधी निदान झालं? मग शिरीष. मग संघातल्या बायका. मग सासूबाई, माझ्यासमोर उभ्या. एवढं सगळं जमवून होईपर्यंत ऑफिस यायचं. मी खाली उतरायचे आणि त्या दिवशीची टिप पाठवायचे.

कुसुमताईंनी मला आयुष्यात एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. उलट, माझ्या मुलीसाठी गावाकडून आलेली बोरं राखून ठेवायच्या. त्यांचा-माझा काहीही हिशेब नव्हता.

प्रशांतने त्यांना चालायला बूट घेऊन दिले होते. चांगले, महागाचे. एक बूट करंगळीला लागला. सासूबाई म्हणाल्या, हळद लावा. त्यांनी लावली. दुखत नव्हतं म्हणाल्या — मधुमेहात कळतच नाही, तेही मी टिपमध्ये लिहिलेलं होतं. पंधरवड्यात बोट काळं पडलं, ताप चढला, तेव्हा घरच्यांना कळलं. आधी बोट काढलं. मग पाऊल. मग गुडघ्याखाली पाय.

मी हॉस्पिटलमध्ये गेले. दुसरं काय करणार — आदर्श सून आहे, शेजारधर्म येतो मला. प्रशांत खिडकीशी पाठ करून उभा होता. कुसुमताई केवढ्याशा दिसत होत्या. चादर एका बाजूने सपाट होती. मला बघून त्यांनीच हात पुढे केला.

"माह्याच जिभेचं चुकलं असन," त्या म्हणाल्या. "कधी लग्नात जिलबी खाल्ली, कधी काय. तुह्या सासूबाईसारखं मन घट्ट नाही माहं."

प्रशांत तिकडूनच म्हणाला, "आई, गोळ्या का सोडल्या, एवढं तरी सांग." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. सासूबाईंचं नाव घेतलं नाही. कुणावर आळ नको म्हणून. मी तिथे उभी होते. उत्तर माझ्याकडे होतं. खोलीत तिघंच होतो.

मी त्यांची चादर नीट केली आणि घरी आले.

घरी सासूबाई टेबलाशी कोशिंबीर खात होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाळलं नसेल नीट. माणसं सांगतात एक आणि खातात एक." मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. त्या एका क्षणी सगळं जिभेवर आलं होतं — पण कुसुमताईंसाठी नाही हो, ते समजू नका. रागाने. या बाईला आत्ता, इथे, मोडून टाकावं म्हणून. त्यांनी वर बघितलं. "काय गं?"

"काही नाही. पोळ्या झाल्या."

म्हणजे चांगल्या कारणासाठी तर नाहीच, वाईट कारणासाठीही मी खरं बोलले नाही.

डॉक्टर प्रशांतला म्हणाले होते, जुना आजार होता, गोळ्या चालू असत्या तरी असं झालंच नसतं असं सांगता येत नाही. प्रशांतने मला ते बसमध्ये सांगितलं, स्वतःची समजूत काढत. ते वाक्य माझ्याही कामाचं आहे, हे मला तेव्हाच कळलं. मी ते वापरणार नाही. तुम्हीही माझ्यासाठी वापरू नका.

उन्हाळा संपता संपता प्रशांतने त्यांना गावी पोचवायचं ठरवलं. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांचं मन लागेना. गावी धाकटा दीर, जावा, अंगण — तिथे बरं वाटेल म्हणाल्या. गाडी गेटशी लागली. प्रशांतने त्यांना लहान मुलासारखं उचलून मागच्या सीटवर बसवलं. सगळ्या बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी खाली येऊन त्यांना सांगितलं, "आता तरी पथ्य सांभाळा." कुसुमताईंनी हात जोडले.

मग त्यांनी खिडकीतून माझं मनगट धरलं. "सासूबाईले अशीच सांभाळजो," म्हणाल्या. "लय पुण्य लागते पोरी तुले."

मी म्हटलं, "हो ताई."

गाडी गेली. मी वर आले आणि कुकर लावला.

यानंतर काही वर्षांनी सासूबाई गेल्या. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं, त्याही राहिल्या नाहीत. प्रशांत बंगलोरला गेला, दिवाळीला फोन करतो. त्याच्याकडून कळतं — कुसुमताई गावी आहेत, आता गोळ्या वेळच्या वेळी घेतात, काठीच्या आधाराने अंगणात फिरतात, आणि कुणी पायाचं विचारलं तर सांगतात की माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. नातवंडांना समोर बसवून तेच शिकवतात. मी विचारते, बऱ्या आहेत ना? तो म्हणतो, हो काकू, तुमची आठवण काढते. फोन ठेवते. चूक त्यांची नव्हती, हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि ती त्यांचीच होती असं मी त्यांना समजू दिलं आहे.